नकाशामागची खिडकी

आबा,

तुम्ही गेल्याला सव्वा महिना झाला आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुमच्या हयातीत मला वाटत होतं की ते मिटलं. मी जिंकले आणि तुम्ही मोठ्या मनाने माघार घेतली, अशी माझी समजूत होती. आता कळलं आहे की तसं काही झालंच नव्हतं. तुमच्या बागेबद्दल मी मुख्याध्यापकांना एक अहवाल लिहून दिला होता, सहीनिशी. तो अर्धाच खरा होता. तो मला मागे घ्यायचा आहे, आणि ज्यांच्यासमोर घ्यायचा ते तुम्ही आता ऐकायला नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

शाळेने शोकसभा घेतली. तुमची सेवा किती वर्षांची, मूळ गाव शिंदखेड्याजवळचं कोणतं, पद प्रयोगशाळा परिचर, असं सगळं वाचून दाखवलं. ऐकताना मला वाटलं, हे कोण गृहस्थ? सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीला "म्हातारी" म्हणणारे तुम्ही त्यात नव्हता. माझा डबा उघडायच्या आधी वास घेऊन भाजी ओळखणारेही नव्हता. मी नवीन असताना पहिल्याच प्रयोगात काचनळी फोडली, तेव्हा वर्गासमोर "ती आधीच तडकलेली होती" असं खोटं बोलणारे तर नव्हताच. अकरा वर्षं आपण एका खोलीत काम केलं आणि त्यातली निम्मी वर्षं भांडण्यात घालवली. मी यावलची. आमच्याकडची बोली तुमच्यापेक्षा वेगळी, आणि मी कधी हौसेने तुमच्यासारखं अहिराणी बोलायला, 'आहे'ला 'शे' म्हणायला गेले की तुम्ही हसायचे. "बाई, तुमना शे अजून कच्चा शे." मग मी मुकाट शाळेतलं मराठी बोलायचे.

बागेचं वेड तुमचं नव्हतं, माझं होतं, हे आधी कबूल करते. मी प्रशिक्षणाला जाऊन आले आणि डोक्यात हायड्रोपोनिक्स घेऊन आले. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात भाजी वाढवायची आणि तीही वर्गात, पोरांच्या डोळ्यांसमोर. तुम्ही ऐकून घेतलंत, टोपी काढून डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "माती नही, मंग मेथी उभी कशी ऱ्हाई?" मी स्पंजचा तुकडा दाखवला. तुम्ही तो बोटांनी दाबून पाहिलात आणि परत दिलात. कोरडवाहू वावरात लहानाचा मोठा झालेला माणूस, पाऊस पडला तर पीक, नाही तर आभाळाकडे बघत बसायचं, असं आयुष्य पाहिलेला. त्याला मी सांगत होते की पाणी रोज नळीतून फिरेल आणि परत टाकीत येईल. तुम्हाला त्यातलं "परत येईल" तेवढंच पटलं. "हाई चांगलं शे," म्हणालात.

मग कामाला लागलात ते असे की मीच बाजूला पडले. पांढऱ्या नळ्यांना भोकं पाडायचं यंत्र शाळेकडे नव्हतं. तुम्ही घरून लोखंडी गज आणलात, बन्सनच्या बर्नरवर लाल केलात आणि सरळ रेघेत भोकं पाडलीत. प्रयोगशाळेत दोन दिवस जळक्या प्लास्टिकचा वास होता आणि मी खोकत तुम्हाला ओरडत होते. सातवी 'ब'च्या वर्गात, मैदानाकडच्या छोट्या खिडकीसमोर, तीन मजली नळ्या उभ्या राहिल्या. मेथी, पालक, कोथिंबीर. तुम्ही पाण्यातली खतं बोटाने जिभेवर घेऊन बघायचे. मी म्हणायचे, आबा, हे विष नाही पण जेवणही नाही. तुम्ही म्हणायचे, झाडाला जे पाजतो ते आधी आपण चाखायला नको का? मी चिडायचे.

पहिली मेथी निघाली तेव्हा पोरांनी वर्गातच कच्ची खाल्ली. पालकाच्या मुळ्या पाण्यात लोंबत्या पाहून एक पोरगी म्हणाली, याचे केस धुतलेत का? तुम्ही आठवडाभर तेच सगळ्यांना सांगत होता.

पुढचं सगळं त्या रस्त्यामुळे झालं. शाळेसमोरचा रस्ता रुंद करायला घेतला आणि धुळ्याला त्याचं नाव शोभेल अशी धूळ वर्गात यायला लागली. बाकांवर धूळ, डब्यांत धूळ, पालकाच्या पानांवर पावडर लावल्यासारखी धूळ. पोरं खोकायला लागली. मी ठरवलं, खिडक्या बंद. नुसत्या बंद नाहीत, तर काचेच्या झडपा लावून फटींवर चिकटपट्टी. स्टुलावर चढून पट्टी मी स्वतः लावली. तुम्ही स्टूल धरून खाली उभे होतात. "बाई, या झाडेसले जीव शे. त्यासले बी हवा लागस." मी वरून म्हणाले, "झाडांना लागते, आणि पोरांना धूळ लागते. आधी पोरं." बरोबरच बोलले होते मी. पण पोरांनाही हवा लागते, हे माझ्या तोंडात आलं नाही, आणि तुम्ही ते माझ्या तोंडात घातलं नाहीत.

महिनाभराने वर्गाला एक वास यायला लागला. ओल्या पोत्यासारखा. नळ्यांमागच्या भिंतीवर राखाडी बुरशीचा डाग उमटला आणि पसरत गेला. दुपारच्या तासाला अर्धी पोरं पेंगायची. मानसीला दमा होता, तिचे वडील दोनदा शाळेत येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ते भांडले नाहीत, नुसते म्हणाले, "मॅडम, तिला रात्र बसून काढावी लागते." त्या वाक्याने मी हादरले. माझा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजात शिकवतो. त्याच्याकडून मी हवा मोजायचं यंत्र मागून आणलं. तळहाताएवढं, त्यावर दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, कोंदट झाली की लाल. वर्गात ठेवलं तर पहिल्याच तासाला लाल.

तेव्हा आपलं खरं भांडण झालं. मी म्हणाले, बाग काढावी लागेल, पाण्याने ओल धरली आहे. तुम्ही मला भिंतीपाशी घेऊन गेलात, फळ्याशेजारी, आणि माझ्याच हाताने रंगवलेल्या तक्त्यावर बोट ठेवलंत. "झाडे हवा शुद्ध करतात, आसं लिखेल शे. तुम्हीच लायेल शे ना?" मी म्हणाले, आबा, ते जंगलाबद्दल आहे, चाळीस जुड्या मेथीबद्दल नाही. बावन्न पोरं श्वास सोडतात, तेवढा श्वास ही मेथी ओढू शकत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मंग तक्त्यावर तसं लिखा." मला इतका राग आला. राग कशाचा आला हे आता कळतं. तुमचं बरोबर होतं, आणि पोरांसमोर होतं.

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. पाण्यातल्या बागेमुळे वर्गात ओल व बुरशी झाली असून हवा दूषित होत आहे, सबब बाग वर्गातून हलवावी. खिडक्या बंद आहेत, त्या मी बंद केल्या आहेत, त्याबद्दल एक अक्षर नाही. विसरले, असं मी स्वतःला सांगितलं. विसरले नव्हते. धूळ कमी झाल्याबद्दल माझं कौतुक झालं होतं आणि ते मला ठेवायचं होतं.

तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं. अकरा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाशी कोणीही बोललं असतं. मी बोलले नाही, आणि शाळेच्या रिवाजाने जे व्हायचं ते झालं. मुख्याध्यापकांचा आदेश सूचना वहीत लिहिला गेला, आणि सूचना वही वर्गावर्गात फिरवून सह्या घ्यायचं काम तुमचं होतं. स्वतःची बाग काढायचा हुकूम स्वतःच्या काखेत घेऊन तुम्ही बारा वर्ग फिरलात. माझ्या वर्गात सर्वांत शेवटी आलात. वही उघडून माझ्यासमोर धरलीत, पेनाचं टोपण काढून दिलंत. मी सही केली. तुम्ही पेन परत घेतलंत, टोपण लावलंत आणि म्हणालात, "बरं शे, बाई." त्या "बरं शे"चा मी किती दिवस अर्थ लावत बसले. राग असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही एकट्याने नळ्या सोडवल्यात. मी दारात उभी राहून सूचना देत होते, माझी ती सवय. भिंतीवर तो राखाडी डाग उघडा पडला, खिडकीच्या चारही बाजूंनी. म्हटलं, आबा, भिंत पुसून घ्या, वाळू द्या आणि सकाळी महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावा त्यावर. खिडकीसकट झाकलं तरी चालेल, नाहीतरी बंदच आहे. तुम्ही मान हलवलीत. मी घरी गेले.

बाग गच्चीवर गेली. माघ नुकताच लागला होता. पुढे धुळ्याचं ऊन काय होतं हे मला काय सांगायचं, तुम्ही सांगायला हवं होतं. सांगितलंत पण. मी ऐकलं नाही. नळ्यांतलं पाणी दुपारी हात भाजेल असं तापायचं. तुम्ही गोणपाट भिजवून नळ्यांवर टाकायचे, माठातलं पाणी टाकीत ओतायचे, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसातून चारदा जिना चढायचे. मी दोनदा वर आले असेन. दुसऱ्यांदा आले तेव्हा पालकाच्या मुळ्या तपकिरी पडून चिकट झाल्या होत्या. "जाऊ द्या आता, आबा," मी म्हणाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही, मुळ्या धूत राहिलात. एक मेथीचा ट्रे तुम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीला सरकवून ठेवला होता. तेवढाच तगला.

इकडे वर्गात मात्र यंत्राने जादू केली. बाग हलवली आणि दिवा हिरवा झाला. कधी पिवळा, पण लाल नाही. पोरं दुपारी जागी राहायला लागली. मानसीच्या वडिलांनी फोन करून आभार मानले. मी पालकसभेत उभी राहून सांगितलं की निरीक्षण, अनुमान आणि उपाय, यालाच विज्ञान म्हणतात. तुम्ही मागे चहाचा ट्रे घेऊन उभे होतात. नंतर मी मुद्दाम तुमच्याजवळ येऊन म्हणाले, "पाहिलंत ना, आबा?" तुम्ही मला कप दिलात. "पाह्यं, बाई."

त्या दिवसापासून तुम्ही रोज विचारायचे. सकाळची प्रार्थना झाली, हजेरी झाली, की दारातून डोकं आत घालून, "बाई, आज कोन्ता दिवा शे?" मी म्हणायचे, हिरवा. तुम्ही मान हलवून निघून जायचे. मला वाटायचं, म्हातारा रोज स्वतःच्या हरण्याची चौकशी करतो, किती दिलदार आहे. कधीकधी तर दयाही यायची. आता हे लिहिताना कान लाल होतात.

आणि तो नकाशा. तो हलायचा. तासाच्या मधेच खालची काठी भिंतीवर टक टक वाजायची आणि पोरं हसायची, कोकणाला वारं लागलं म्हणायची. मी पंख्याला दोष दिला. तुम्हाला तीनदा सांगितलं, आबा, तो खालून बांधा. "बांधी देस, बाई." तुम्ही कधीच बांधला नाहीत. तुम्ही काम विसरणारे नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही रविवारी गेलात. सकाळचा चहा घेतलात, भिंतीला टेकलात आणि गेलात. कोणाला हाक मारली नाही, कोणाला धावपळ करू दिली नाही. पांझरा नदीकाठच्या स्मशानात मी बायकांच्या बाजूला उभी होते. तुमची टोपी कोणीतरी सरळ करत होतं आणि मला राहून राहून वाटत होतं की ती थोडी तिरपीच हवी. रडू आलं नाही. ते नंतर आलं, आणि भलत्याच ठिकाणी आलं.

बाराव्या-तेराव्या दिवसानंतरची गोष्ट. परीक्षेआधीची उजळणी चालू होती. यंत्र टेबलावर होतं, मी त्याकडे बघणंही सोडलं होतं, रोजचा हिरवा बघून काय करायचं. मधल्या सुट्टीआधी एक पोरगी म्हणाली, "बाई, लाल झालंय." मी यंत्र झटकलं. बंद करून चालू केलं. लाल. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी लाल. मानसी परत छातीवर हात ठेवून बसायला लागली. बाग तर गच्चीवर होती. वर्गात पाण्याचा थेंब नव्हता. मग काय बिघडलं? मी फळा पाहिला, पंखे पाहिले, बुरशी परत आली का म्हणून भिंती पाहिल्या. पोरं आपापलं लिहीत होती. वर्ग इतका शांत होता की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि कळलं की टक टक थांबली आहे. नकाशा हलत नव्हता.

पंखा तर चालूच होता, आबा.

सुट्टी झाल्यावर मी नकाशा बाजूला सारला. खिडकीवर माझी चिकटपट्टी नव्हती. एकही नाही. कडेला तिचा डिंकही कोणी घासून काढला होता. गजांना आतून बांबूच्या कामट्यांची एक चौकट सुतळीने बांधली होती आणि तिच्यावर जुनं सुती लुगडं दुपदरी ताणून शिवलं होतं. हिरवं, बारीक चौकड्यांचं. त्याच्या मैदानाकडच्या अंगाला धूळ बसून ते मातकट झालं होतं, वर्गाकडचं अंग स्वच्छ होतं. झडपा मात्र बंद होत्या, कडी लावलेली. दारावरचा झरोका मी कधी उघडा पाहिला नव्हता, तो उघडा होता, त्यात लाकडाची पाचर मारली होती. तुमच्या जागी आलेल्या नव्या माणसाला बोलावून विचारलं. तो घाबरून म्हणाला, "वावटळ आली होती मॅडम, म्हणून खिडकी लावून घेतली. उघडी कशाला होती काय माहीत."

चौकटीच्या कडेने हात घालून मी कडी काढली. झडप ढकलली. थोड्या वेळाने नकाशाची काठी भिंतीवर वाजली. तिथे, सातवी 'ब'च्या रिकाम्या वर्गात, हातात खडू घेऊन मी रडले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. हे मी दरवर्षी सातवीला पहिल्या आठवड्यात शिकवते. बाग हलवली त्याच दिवशी तुम्ही खिडकी उघडलीत. मी एकच बदल पाहिला, कारण तो माझा होता. दोन्ही गोष्टींचं आपापलं काम होतं म्हणा. भिंतीची ओल तुमच्या नळ्यांचीच होती, तेवढं मी सोडणार नाही. पण तीही बंद खोलीत कोंडल्यामुळे धरली. आणि पोरांच्या झोपा, मानसीची छाती, तो लाल दिवा, हे सगळं माझ्या चिकटपट्टीचं होतं. तुम्हाला ते स्टूल धरल्या दिवसापासून माहीत होतं.

संध्याकाळी चौकटीवरचं फडकं सोडून घेतलं आणि तुमच्या घरी गेले. तुमच्या कारभारीण अक्का ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी पिशवीतून फडकं काढलं. त्यांनी हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई मन्हं लुगडं शे." मग सांगायला लागल्या, रागाने नाही, जसं घरातलं काही सांगावं तसं. दर शनिवारी तुम्ही ते घरी आणायचे, "धोई दे" म्हणायचे, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन बांधायचे. अक्का एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, एवढं आहे तर बाईंना सांगा ना, त्याच करतील. तुम्ही काय म्हणालात तेही त्यांनी सांगितलं. "म्हणेत, बाईले धूय नको, पोरेसले हवा जोयजे. दोन्ही व्हई जाई. बाईले सांगू नको. बाईना शबद खाले पडाले नको."

माझा शब्द. माझ्या त्या अर्ध्या खऱ्या शब्दाला तुम्ही तुमच्या बायकोच्या लुगड्याचा पदर दिलात, आणि वर रोज दारातून विचारत होता, दिवा कोणता. तुम्ही हरण्याची चौकशी करत नव्हता. तुम्ही तुमचं काम तपासत होता.

मी अक्कांना म्हणाले, मी त्यांचं फार वाईट केलं. त्यांनी ज्वारीतला खडा काढून टाकला. "बाई, ते तुम्हनावर कधी नाराज नही व्हयनात. घर येईसन हासेत." काय म्हणून हसायचे, विचारलं. म्हणे, बाई हुशार शे पण नकाशाकडे बघस आनि खिडकी पाहत नही. हे ऐकून मलाही हसू आलं आणि अक्कांनाही आलं, आणि मग मीही त्यांच्याबरोबर ज्वारी निवडत बसले. निघताना त्या म्हणाल्या, "आखाजीले या. त्यासनी पहिली घागर भरनी शे."

आखाजी, म्हणजे शाळेतल्या मराठीतली अक्षय्य तृतीया, पुढच्या आठवड्यात आहे. मी येणार आहे. गच्चीवरचा तो मेथीचा ट्रे मी खाली आणला आहे, नव्या माणसाला पाणी बदलायला शिकवलं आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने भरलेल्या पाण्याच्या घागरीवर खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात, सांजोरी ठेवतात. मेथीची जुडी कोणी ठेवत नसेल, पण अक्का चालेल म्हणाल्या. मातीविना आलेली आहे, तुम्ही नाक मुरडाल. एकदा चाखून बघा.

आता शेवटचं. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, माझा अहवाल चुकीचा होता, दुरुस्त करून द्यायचा आहे. ते म्हणाले, "आता जुनं कशाला उकरता? हवा चांगली आहे, पोरं चांगली आहेत. नळ्याही भंगारात द्यायच्याच आहेत." मी म्हणाले, नळ्या भंगारात जाणार नाहीत. जूनमध्ये त्या परत वर्गात लागतील, उघड्या खिडकीसमोर, भिंतीपासून हातभर सोडून. आणि हवा चांगली का आहे, ते शाळेला कळलं पाहिजे. त्यांनी खण उघडला. मग सूचना वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, लिहा तुम्हीच.

मी लिहिलं. सातवी 'ब'मधील हवा बाग हलवल्यामुळे सुधारली, असं मी कळवलं होतं. खिडक्या मी बंद केल्या होत्या, ते कळवलं नव्हतं. हवा सुधारली ती आबांनी खिडकी उघडून तिला फडकं लावल्यामुळे. यापुढे सर्व वर्गांच्या खिडक्या याच पद्धतीने उघड्या राहतील. खाली सही केली. नवा माणूस वही न्यायला पुढे आला. मी म्हटलं, राहू दे, मी जाते.

काखेत वही घेऊन बारा वर्ग फिरले, आबा. प्रत्येक दारात थांबले, टेबलावर वही उघडी धरली, पेनाचं टोपण काढून दिलं. कोणी वाचून माझ्याकडे पाहिलं, कोणी न वाचताच सही केली. पाचवीच्या बाईंनी विचारलं, तुम्ही का फिरताय? सांगितलं, हे मलाच फिरवायचं होतं. तेव्हा कळलं की ती वही किती जड आहे आणि प्रत्येक दारात उभं राहिल्यावर लोक आपल्याकडे न बघता वहीकडे बघतात.

सह्यांच्या यादीत तुमचं नाव अजून आहे, वर्षाच्या सुरुवातीला छापलेली यादी, कोणी काढलं नाही. सगळ्या सह्या झाल्या, तेवढी एक जागा कोरी राहिली. मी ती तशीच राहू दिली.

मग सातवी 'ब'मध्ये आले. नकाशा आता समोरच्या भिंतीवर आहे, खिडकी उघडी दिसते, अक्कांनी धुऊन दिलेलं फडकं तिला बांधलेलं आहे. माझा तक्ताही उतरवून दुरुस्त करून लावला. झाडे हवा शुद्ध करतात, याच्याखाली लिहिलं, खिडकी उघडी असेल तर. प्रार्थना झाली, हजेरी झाली. तेवढ्यात सवयीने माझी मान दाराकडे वळली. दारात कोणी नव्हतं. तरी मी टेबलावरचं यंत्र उचललं आणि दाराच्या बाजूला वळवून धरलं.

हिरवा शे, आबा.